करीमचा स्कायहूक आपल्या सिमेंटच्या कोर्टावर कसा शिकायचा

संध्याकाळी सोलापुरातल्या कुठल्याही कॉलेजच्या ग्राउंडवर जाऊन बघा, बास्केटबॉल कोर्टावर दहा पोरं असली तर आठजण थ्री पॉइंटच्या लाइनीवरनं बॉल फेकत उभी असतात, नेम कुणाचाच लागत नाही, बॉल बोर्डाला आपटून थेट कंपाउंडच्या भिंतीकडं, मग "आण की बे, तूच घालवलास" चालू. उरलेले दोघं रिंगला लोंबकळायला बघतात, म्हणून रिंग पुढं वाकलेली. हूक शॉट, म्हंजे आडवं उभं राहून एका हातानं डोक्यावरनं टाकायचा बॉल, तो मारणारा मात्र शोधून सापडत नाही, आणि चुकून कुणी मारलाच तर बाकीचे हसतात, म्हाताऱ्यांचा शॉट म्हणे.

आता हे बघा. एनबीए म्हंजे अमेरिकेतली बास्केटबॉलची मोठी लीग, तिथं सगळ्यात जास्त पॉइंटचा रेकॉर्ड जवळजवळ ३९ वर्षं ज्याच्या नावावर होता तो करीम अब्दुल-जब्बार, २० सीझन, ३८,३८७ पॉइंट, आणि एवढ्यात थ्री पॉइंटर किती, तर एक. एनबीएत ती लाइनच १९७९ ला आली हे मान्य, पण त्यानंतरही हा बाबा दहा सीझन खेळलाय. गरजच पडली नाही त्याला. एक शॉट होता, तो कुणाला अडवता येत नव्हता, तोच मारत राहिला. त्याच्या पहिल्या टीमचा, मिलवॉकीचा कॉमेंटेटर एडी डूसेट यानं त्याला स्कायहूक नाव दिलं ते कायमचं चिकटलं.

ते नुसतं कौतुक करायला नाही, शिकायला लिहितोय, म्हणून त्याची गोष्ट आणि शॉट दोन्ही एकत्रच सांगतो, कारण त्याच्या आयुष्यातलं बरंचसं त्या शॉटमध्ये आलंय.

पहिलं म्हणजे उंचीचं. हे सांगायला लागलो की पोरं लगेच, "सर, तो सात फूट दोन इंच होता ओ, आपण कुठं". बरोबर आहे. पण हूकची खरी मेख उंचीत नाही, आडवं उभं राहण्यात आहे. समोर तोंड करून जम्प शॉट मारला की बॉल डिफेंडरच्या हाताच्या टप्प्यातच असतोय. तेच आडवे झालात की बॉल आणि तो यांच्यामध्ये तुमचा डावा हात, खांदा, डोकं एवढं सगळं येतंय, बॉल पलीकडच्या हातात, तोही सरळ वर. त्याला बॉल गाठायचा तर तुमच्या अंगावरनंच हात घालावा लागतो आणि तसं केलं की बहुतेक वेळा फाऊल. म्हणून मला विचाराल तर हा शॉट मध्यम उंचीच्या पोरापोरींनाच जास्त कामाचा, उंच माणसाचं काय, तो तसाही वरनं टाकतोय. मॅजिक जॉन्सन बघा, करीम पुढं ज्या लेकर्स टीममध्ये गेला तिथलाच पॉइंट गार्ड, म्हंजे बॉल घेऊन खेळ चालवणारा. १९८७ च्या फायनलची चौथी मॅच, बोस्टन सेल्टिक्सचं घरचं ग्राउंड, शेवटची काही सेकंदं राहिलेली, समोर मॅकहेल आणि पॅरिश, दोघंही त्याच्याहून उंच, आणि यानं काय मारावं तर करीमचाच हूक. लेकर्स १०७, सेल्टिक्स १०६.

सुरुवात रिंगच्या खालूनच

करीम न्यूयॉर्कचा, जन्म १६ एप्रिल १९४७, तेव्हाचं नाव लू अल्सिंडर. वडील ट्रान्झिट पोलिसात आणि वर जॅझ वाजवणारे. पाचवीत असताना त्याला कुणीतरी मायकन ड्रिल शिकवलं आणि तिथनं हूक सुरू झाला. जॉर्ज मायकन म्हंजे मिनियापोलिस लेकर्सचा जुना सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच गडी), जाड भिंगाचा चष्मा लावून खेळायचा, त्याच्या नावानं हे ड्रिल जगभर चालतंय. आपण पण तिथनंच सुरू करायचं, थेट हूक मारायला जायचं नाही.

रिंगच्या बरोबर खाली उभे राहा, बोर्डाकडं तोंड. डाव्या पायावर उडी, उजव्या हातानं बोर्डावरच्या चौकोनाला लावून बॉल आत. आता बॉल खाली पडू द्यायचा नाही, जाळीतनं आला की हनुवटीच्या वरच झेलायचा, टप्पा द्यायचा नाही, छातीपर्यंतसुद्धा आणायचा नाही, तसाच डावीकडं सरकून उजव्या पायावर उडी आणि डाव्या हातानं आत. परत उजवीकडं. मागावरचा धोटा जसा या टोकाहून त्या टोकाला पळतोय तशी लय बसली पाहिजे, मध्ये थांबणं नाही. सुरुवातीला चार-पाच झाले की दंड भरून येतात आणि डाव्या हाताचे तर सगळेच बाहेर जातात, जाऊ द्या. महिनाभर रोज दोन्ही हात मिळून ५० आत गेल्याशिवाय घरी जायचं नाही असं ठरवा. कंटाळवाणं आहे, एकदम कंटाळवाणं. पण करीम हे पाचवीपासून करत आलाय, एनबीएत गेल्यावर पण सोडलं नाही.

बॉल कुठला घ्यावा तर आपल्या सिमेंटवर रबराचाच, चामड्यासारखा गुळगुळीत भारीतला घेतलात तर दोन महिन्यात त्याची सालपटं निघतात. मोठ्या मुलांना ७ नंबर, मुलींना ६, बारक्यांना ५. बारक्यांच्या हातात ७ नंबर देऊन हूक शिकवू नका, खांदा दुखून बसतील आणि शॉट पण वाकडा बसेल. मनगटाला एकदा वाईट सवय लागली की सुटता सुटत नाही.

मोजे

हसू नका. यूसीएलएला, म्हंजे लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटीत गेल्यावर कोच जॉन वुडननी अमेरिकेतल्या या सगळ्यात गाजलेल्या पोराला आणि त्याच्या टीमला पहिल्या दिवशी काय शिकवलं, तर मोजे कसे घालायचे. बोटांपासनं मोजा ओढत यायचा, करंगळीजवळ आणि टाचेला हात फिरवून सुरकुती काढायची, मग बूट, मग लेस प्रत्येक भोकातनं ताणून. सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की प्रॅक्टिस बुडते. लॉस एंजेलिसच्या लाकडी कोर्टावर जर हे लागत असेल तर आपल्या तापलेल्या सिमेंटवर किती लागतंय विचार करा. हूकमध्ये डाव्या पायाच्या पंज्यावर सगळं वजन फिरतंय, सैल मोजा असेल तर दोन दिवसांत अंगठ्याखाली फोड ठरलेला. जाड सुती मोजे घ्या, आपल्याकडं काय, टॉवेलच्या गावात जाड सुताला तोटा नाही.

त्या यूसीएलएत करीमनं तीन वर्षांत तीन चॅम्पियनशिप मारल्या, १९६७, ६८, ६९, एकूण ८८ मॅच जिंकल्या आणि हरल्या फक्त दोन. पहिल्याच वर्षानंतर कॉलेज बास्केटबॉलमध्ये डंक, म्हंजे उडी मारून बॉल वरनं हातानंच रिंगमध्ये कोंबणं, मारायलाच बंदी घातली, ती पुढं जवळजवळ दहा वर्षं राहिली. लोक त्याला अल्सिंडर रूलच म्हणायचे. दुसरा कुणी असता तर चिडून बसला असता. वुडननी सांगितलं, यानं तू अजून चांगला खेळाडू होशील, आणि हा रिंगपासनं थोडं लांब जाऊन हूकच घासत बसला. डंक चालू असता तर हा शॉट एवढा धारदार झाला असता का, मला शंकाच आहे. म्हणून रिंगला लोंबकळणाऱ्यांना मी म्हणतो, आधी सहा महिने स्वतःवर डंकबंदी घाला (तसाही हात पोचत नाहीच म्हणा).

आता खरा शॉट, उजव्या हाताचा

बोर्डाकडं बघत उभे राहिलात तर रिंगच्या डाव्या हाताला, पेंटच्या (रिंगपुढचा आखलेला चौकोन) लाइनीच्या जरा बाहेर, बोर्डाकडं पाठ करून थांबा. गुडघे वाकलेले, बॉल दोन्ही हातात हनुवटीखाली, कोपरं बाहेर. उजवा पाय पिव्हट, म्हंजे जागेवर टेकवून ज्याच्यावर फिरायचं तो. डावा पाय पेंटच्या मध्याकडं टाकायचा, लांब, आणि इथंच सगळ्यांचं बिघडतंय, पंजा रिंगकडं वळवायचा नाही, बोर्डाला समांतर ठेवायचा. पंजा रिंगकडं गेला की छाती पण रिंगकडं जाते आणि मग तो हूक राहत नाही, नुसता एका हातानं फेकलेला बॉल होतोय. डावा पाय नीट पडला की तुमचा डावा खांदा आपोआप रिंगकडं येतो.

पाय टाकतानाच मान वळवा. हनुवटी डाव्या खांद्यावर, नजर रिंगच्या पुढच्या कडेवर. बॉल वर गेल्यावर बघायचं नाही, बॉल अजून छातीजवळ असतानाच रिंग दिसली पाहिजे. करीमचे जुने व्हिडिओ स्लो करून बघितले तर कळतं, त्याचं डोकं आधी फिरतंय, हात नंतर.

मग डाव्या पायावर उडी, उजवा गुडघा वर. पिव्हटचा उजवा पाय उचलला म्हणून घाबरू नका, उचललेला चालतोय, फक्त तो परत टेकायच्या आत बॉल सुटलेला पाहिजे, नाहीतर ट्रॅव्हलिंग, म्हंजे बॉल घेऊन चालल्याची चूक. डावा हात कोपरात दुमडून समोर, ढाल म्हणून. ढाल म्हंजे ढालच, त्या हातानं समोरच्याला ढकललं की रेफरी तुमच्याच नावावर फाऊल लावणार.

आणि उजवा हात. जुने लोक हूक बाजूनं गोल घुमवत मारायचे, लांब वर्तुळ काढत. करीमचा तसा नाही. बॉल अंगाजवळनं उजव्या खांद्यापर्यंत येतो आणि तिथनं जवळपास सरळ वर, दंड कानाला घासून जाईल इतका, हात पूर्ण ताणलेला, आणि अगदी वर पोचल्यावर फक्त मनगट वाकतंय. ताकद पायातनं येते, गुडघ्यातनं येते, मनगट फक्त दिशा देतंय. बॉल सुटला की बोटं रिंगकडं वाकलेली राहिली पाहिजेत. बॉल बोटांच्या टोकावरनं सुटला तर मागं फिरत जातो आणि रिंगवर पडला तरी हळू पडतोय, तळव्यातनं सुटला की दगडासारखा जाऊन आपटतोय. आवाजावरनंच कळतंय ते.

शिकायचा क्रम असा ठेवा. आधी बॉलशिवाय, भिंतीला डावा खांदा लावून, नुसता हात वर आणि मनगट. घरी करता येतं, पंखा बंद करून करा. मग बॉल घेऊन रिंगपासनं एक मीटरवर, उडी नाही, पाय नाही, फक्त आडवं उभं राहून हात. दहातले सात आत जायला लागले की गुडघा उचला. मग पाऊल टाका. मग एकेक पाऊल लांब. मध्ये घाई करून थेट लांबनं मारायला गेलात की हात गोल फिरायला लागणार, शंभर टक्के. सुरुवातीला बोर्डाला लावून मारला तरी काही बिघडत नाही, पण जमत आला की थेट रिंगमध्ये.

सगळ्यात शेवटी डिफेंडर. मित्राच्या हातात बॅडमिंटनची रॅकेट द्या आणि हात वर करून उभं करा, म्हंजे समोर सात फुटी माणूस तयार झाला. १९८४ च्या ५ एप्रिलला लास व्हेगासमध्ये करीमनं विल्ट चेंबरलेनचा ३१,४१९ पॉइंटचा रेकॉर्ड मोडला तो शॉट पण हाच, मॅजिकनं पास दिला आणि समोर युटा टीमचा मार्क ईटन, सात फूट चार इंच, करीमहून दोन इंच जास्त. त्याच्या डोक्यावरनं गेला बॉल. रॅकेटवरनं बॉल जायला लागला की तुमचा आत्मविश्वास पण वाढतोय, आणि रॅकेट मोडली तर ती मित्राची आहे.

ऊन, वारा आणि वाकडी रिंग

मार्च संपला की सकाळी सातच्या आत प्रॅक्टिस उरका. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातोय, नऊ वाजता सिमेंटचा कोर्ट तवा झालेला असतो आणि उन्हात पडलेला बॉल फुगून वेड्यासारखा उडतो. हिवाळा भारी, गड्डा यात्रेच्या दिवसात सकाळची हवा एकदम झकास, फक्त यात्रेच्या गर्दीत होम मैदानाच्या बाजूनं गाडी काढायची नाही. हूकचा बॉल उंच जातो म्हणून वाऱ्याचा त्रास जास्त, वळवाच्या आधी संध्याकाळी वारं सुटतंय तेव्हा नेम गेला म्हणून शॉट बदलत बसू नका, त्या दिवशी मायकन ड्रिल करून घरी जा.

रिंग आधी टेपनं मोजा. कोर्टापासनं ३.०५ मीटर पाहिजे, पुढची कड आणि मागची कड दोन्ही. पुढं वाकलेल्या रिंगवर प्रॅक्टिस केलात तर नीट रिंगवर सगळे शॉट आखूड पडतात. वेल्डरला बोलवून सरळ करून घ्या, चार-पाच जणांनी वर्गणी काढली की होतंय. आणि जाळी लावा, नायलॉनची साधी चालते, जाळीशिवाय बॉल आतनं गेला की बाहेरनं यावरनं नुसती भांडणं.

डोळे आणि अंग

करीमचा गॉगल ही फॅशन नव्हती. कॉलेजमध्ये १९६८ ला डोळ्याला बोट लागून कॉर्निया ओरबाडला, १९७४ ला परत लागलं आणि त्या रागात त्यानं बोर्डाच्या खांबावर बुक्की मारली, हात मोडला, सुरुवातीच्या कितीतरी मॅच गेल्या. त्यानंतर गॉगल आला. हूक मारताना डिफेंडरचा हात तुमच्या चेहऱ्यावरनंच येतो, त्यामुळं चष्मेवाल्यांनी काचेचा चष्मा घालून पोस्टमध्ये, म्हंजे रिंगजवळ पाठ करून, खेळू नये, पट्ट्याचा प्लॅस्टिकचा स्पोर्ट्स गॉगल घ्या. आणि खांबावर बुक्की मारू नका, आपले खांब लोखंडीच असतात.

बेचाळीस वर्षांचा होईपर्यंत खेळला तो. ब्रूस लीकडं मार्शल आर्ट शिकला, आणि योग करायचा, अनेक वर्षं, नियमानं. शरीर एवढं टिकलं त्याचं श्रेय तो स्वतः योगाला देतो. तिकडचा सात फुटी सेंटर योग करतोय आणि आपली पोरं वॉर्मअप म्हणून मोबाइल बघतात. कंबर आणि खांदा मोकळा नसेल तर हूकमध्ये डावा खांदा रिंगकडं वळतच नाही, त्रिकोणासन आणि वक्रासन दोन्ही बाजूंनी करूनच बॉल हातात घ्या.

शॉट जात नाही त्या दिवशी

१९८५ ची फायनल, पहिली मॅच, बोस्टननं लेकर्सना १४८-११४ असं धुतलं. करीमचे १२ पॉइंट, ३ रिबाउंड (हुकलेला शॉट झेलणं), वय ३८. सगळ्यांनी लिहून टाकलं की म्हातारा संपला. पुढच्या मॅचआधी टीम व्हिडिओ बघायला बसली तेव्हा हा नेहमीसारखा मागं न बसता सगळ्यात पुढं जाऊन बसला, कोच पॅट रायलीचं सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या मॅचला वडिलांना टीमच्या बसमधनं सोबत घेऊन गेला आणि ३० पॉइंट, १७ रिबाउंड, ८ असिस्ट (ज्या पासवर पॉइंट झाले ते). लेकर्सनी ती फायनल जिंकली आणि फायनलचा एमव्हीपी, म्हंजे सगळ्यात मोलाचा खेळाडू, करीमच. शॉट तोच होता, बदलला नव्हता. तुमचे दोन मॅच हूक गेले नाहीत तर मोबाइलवर स्वतःचं शूटिंग करा, बाजूनं, आणि फक्त तीन गोष्टी बघा: डावा पंजा कुठं पडला, मान कधी वळली, बॉल कानाजवळनं गेला का लांबनं. बहुतेक वेळा पंजाच असतोय.

पोरांना माणूस पण सांगा

शॉट शिकवताना मी त्याची बाकीची गोष्ट पण सांगतो, कारण नुसते सहा चॅम्पियनशिप आणि सहा एमव्हीपी सांगून माणूस कळत नाही. मोहम्मद अलीनं व्हिएतनाम युद्धात जायला नकार दिला तेव्हा १९६७ च्या जूनमध्ये क्लीव्हलंडला मोठे मोठे काळे खेळाडू त्याच्या बाजूनं जमले, त्यात हा वीस वर्षांचा कॉलेजचा पोरगा जिम ब्राऊन या फुटबॉल खेळाडूच्या शेजारी बसलेला. पुढच्या वर्षी मेक्सिको ऑलिंपिकच्या टीमसाठी गेलाच नाही, देशात काळ्यांशी जे चाललंय त्याचा निषेध म्हणून. शिव्या खाल्ल्या. १९७१ ला मिलवॉकीला चॅम्पियनशिप मिळवून दिली आणि लगेच जाहीरपणे नाव बदललं, करीम अब्दुल-जब्बार. तरी कितीतरी वर्षं पेपरवाल्यांनी त्याला घमेंडी ठरवलं, मुळात तो पुस्तकात डोकं घालून बसणारा, कमी बोलणारा. रिटायर झाल्यावर ॲरिझोनात अपाची आदिवासींच्या शाळेत एक सीझन पोरांना कोचिंग केलं. २०१६ ला ओबामांनी प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम दिलं. आणि ७ फेब्रुवारी २०२३ ला लेब्रॉन जेम्सनं त्याचा सगळ्यात जास्त पॉइंटचा रेकॉर्ड मोडला तेव्हा हा तिथं समोर हजर, स्वतःच्या हातानं लेब्रॉनला बॉल दिला.

मॅचमध्ये

पहिल्यांदा थ्री ऑन थ्रीमध्ये (एकाच रिंगवर तीन विरुद्ध तीन) वापरा, फुल कोर्टवर नको. पेंटमध्ये तीन सेकंदाच्या वर रेंगाळू नका, म्हणूनच लाइनीच्या बाहेर उभं राहायला सांगितलंय. एक-दोन हूक गेले की समोरची टीम दुसरा माणूस पाठवणार, त्यो बहुतेक मधनंच येतोय, तेव्हा बॉल खाली न आणता वरनंच मोकळ्या गड्याला पास द्या. डिफेंडर आधीच डाव्या खांद्यावर येऊन बसायला लागला की उलट बाजूला वळून डाव्या हाताचा मारायचा, मायकन ड्रिलमधला डावा हात इथं उपयोगाला येतो, टाळला असेल तर इथं रडायचं.

व्हिडिओ बघायचा तर १९७४ च्या फायनलची सहावी मॅच शोधा, मिलवॉकी विरुद्ध बोस्टन, डबल ओव्हरटाइम, शेवटची सेकंदं, बेसलाइनजवळनं (रिंगमागची लाइन) चांगला लांबचा हूक, १०२-१०१. सातवी मॅच हरले ते सोडा. आवाज बंद करून स्पीड कमी करा, पहिल्यांदा फक्त त्याचा डावा पाय बघा, दुसऱ्यांदा फक्त डोकं, तिसऱ्यांदा मनगट. मग ग्राउंडवर या, सातच्या आत.